से की टेल, डिस्कस की डिस्कस अबाउट: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवतेय आणि हे खालचे सगळे प्रश्न मला इतक्या वेळा विचारले गेलेत की आता एकदाचं एका जागी लिहून काढलं. स्वतः मराठी मीडियमवाली आहे, त्यामुळे यातल्या निम्म्या चुका मी आधी स्वतः करून बसलेय. इंग्रजी शब्द सगळे देवनागरीतच लिहिलेत. एकच सांगून ठेवते, 'ऑफ' असं जिथे दिसेल तिथे एक एफवालं ऑफ समजा, म्हणजे 'चा-ची-चे' वालं. दोन एफवालं इथे कुठेच नाही.

कुठल्या क्रियापदाला कुठलं प्रिपोझिशन याचा काही नियम नाही का? सगळं पाठच करायचं?

नियम थोडाफार आहे, पण आधी मराठीकडे बघा. आपण कुत्र्या'ला' घाबरतो, भावा'वर' चिडतो, भावा'शी' भांडतो आणि कामा'ला' कंटाळतो. कुणी शिकवलं होतं की घाबरणे 'ला' घेतं आणि चिडणे 'वर' घेतं? कुणीच नाही. कानावर पडत गेलं आणि बसलं. प्रत्यय नामाला चिकटतो खरा, पण तो ठरवतं क्रियापद. इंग्रजीतही डिट्टो हेच आहे, फक्त तिथे प्रत्यय चिकटत नाही, सुटा होऊन नामाच्या आधी येऊन बसतो. फार जुन्या इंग्रजीला आपल्यासारख्या विभक्त्या होत्या, साधारण 1100 नंतरच्या काळात त्या झिजत गेल्या आणि त्यांचं बरंचसं काम प्रिपोझिशन्सनी उचललं.

घोटाळा इथे होतो की आपण क्रियापद इंग्रजी घेतो आणि विभक्ती मराठी ठेवतो. भावाशी लग्नाबद्दल बोललो यातला 'शी' आणि 'बद्दल' डोक्यात आधी तयार असतो, मग त्याचं आपण ठरलेलं भाषांतर करतो, 'शी' म्हणजे विथ, 'बद्दल' म्हणजे अबाउट, 'वर' म्हणजे ऑन, 'ला' म्हणजे टू. कधी ते बरोबर लागतं कधी नाही. तुमची चूक कुठली होणार हे तुमच्या मराठी वाक्याच्या प्रत्ययावरून आधीच सांगता येतं, मी तर वर्गात पैजेवर सांगते.

से, टेल, स्पीक, टॉक. चारही सारखेच वाटतात, कधी काय?

हे मराठीला धरून शिका, सोपं जातं. से म्हणजे म्हणणे, टेल म्हणजे सांगणे, आणि स्पीक-टॉक म्हणजे बोलणे.

म्हणताना शब्द महत्त्वाचे असतात, समोर कुणी असो नसो. म्हणून 'ही सेड ही वॉज टायर्ड' एवढ्यावर वाक्य पूर्ण होतं. माणूस घालायचाच असेल तर टू लागतो, 'ही सेड टू मी'. 'ही सेड मी' कधीच नाही. सांगायला मात्र ऐकणारा लागतो, म्हणून टेलच्या मागे लगेच माणूस येतो, मध्ये काही नाही, 'ही टोल्ड मी'. 'ही टोल्ड टू मी दॅट' हे आपलं खास उत्पादन आहे, 'मला'मधला 'ला' गुपचूप तिथे जाऊन बसलेला असतो. आणि 'ही टोल्ड मी टू वेट' यात टू दिसतो पण तो वेट या क्रियापदाचा आहे, थांबा'यला' सांगितलं मधला, त्याचा 'मी'शी काही संबंध नाही.

माणूस नसतानाही टेल चालतं अशा काही ठरलेल्या जोड्या आहेत. टेल अ लाय, टेल द ट्रुथ, टेल अ स्टोरी, टेल द टाइम. 'से अ लाय' म्हणत नाहीत.

स्पीक थोडं औपचारिक आणि बऱ्याचदा एकतर्फी, म्हणजे स्टेजवरून बोलतात ते स्पीक. भाषेसाठी पण स्पीकच, 'टॉक इंग्लिश' नाही. गप्पा मारतात ते टॉक. दोन्हीच्या मागे माणसासाठी टू, विथ पण चालतं, विषयासाठी अबाउट. फोनवर कुणाला मागायचं असेल तर 'कॅन आय स्पीक टू' बरं दिसतं. 'वी नीड टू टॉक' ऐकलं की काय वाटतं ते सांगायला नको, तिथे स्पीक टाकलं तर ती भीतीच निघून जाते.

'टेल मी' बरोबर तर 'एक्सप्लेन मी' चूक कसं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच असेल. गिव्ह मी, टेल मी, शो मी, सेंड मी, टीच मी हे सगळं चालतं, पण एक्सप्लेन मी, सजेस्ट मी, डिस्क्राइब मी हे चालत नाही.

कारण असं की इंग्रजीतली जी छोटी, घरची, मूळची क्रियापदं आहेत ती दोन दोन कर्मं सहज पोटात घेतात, आधी माणूस मग वस्तू. आणि जी लॅटिन-फ्रेंचकडून आलेली, लांबलचक, जरा शिष्ट क्रियापदं आहेत ती माणसाला थेट जवळ येऊ देत नाहीत, मध्ये टू उभा करतात. एक्सप्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब, अनाउन्स, इंट्रोड्यूस, डोनेट, मेन्शन, ही सगळी त्या गटातली. म्हणून 'एक्सप्लेन इट टू मी', 'डोनेट मनी टू देम', 'इंट्रोड्यूस मी टू युवर सिस्टर'. पण हा कल आहे, कायदा नाही. प्रॉमिस आणि ऑफर लॅटिनमधूनच आलेत तरी 'प्रॉमिस मी', 'ऑफर्ड मी अ जॉब' मजेत चालतं. आणि से तर मूळचाच आहे तरी टू मागतो, वर बघितलंच.

'एक्सप्लेन मी' तसं निरर्थक नाही हं, त्याचा अर्थ होतो 'मला उलगडून दाखवा', म्हणजे मीच एक कोडं आहे. आणि 'प्लीज सजेस्ट मी' म्हणजे माझं नाव सुचवा. पुस्तक हवं असेल तर 'प्लीज सजेस्ट अ बुक', बस, 'मी' घालायची गरजच नाही, मागणारा कोण ते दिसतंच आहे.

'डिस्कस अबाउट' चूक आहे म्हणतात, पण मी तर सगळीकडे ऐकलंय?

मी पण ऐकलंय आणि वर्षानुवर्षं म्हटलंय. एका इंटरव्ह्यूत मी 'वी कॅन डिस्कस अबाउट सॅलरी लेटर' असं ठणकावून सांगितलं होतं, समोरच्या बाईंनी हसून 'येस वी कॅन डिस्कस इट' म्हटलं आणि मला कळलं सुद्धा नाही की त्यांनी दुरुस्त केलं. घरी आल्यावर रात्री अकरा वाजता ट्यूब पेटली.

डिस्कसच्या पोटातच अबाउट आहे, डिस्कस म्हणजेच 'एखाद्या गोष्टीबद्दल बोलणे'. म्हणून 'डिस्कस द प्लॅन'. मग अबाउट येतो कुठून? एक तर 'च्याबद्दल चर्चा' मधल्या बद्दलमधून. दुसरं कारण जास्त मजेशीर आहे आणि ते कळलं की एकदम डझनभर चुका सुटतात. डिस्कस हे क्रियापद आहे आणि डिस्कशन हे नाम. नामाला अबाउट लागतो, 'अ डिस्कशन अबाउट द प्लॅन'. नामाची शेपटी आपण क्रियापदाला लावतो.

आता हाच चष्मा लावून बघा. 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह' बरोबर पण 'आय रिक्वेस्टेड फॉर लीव्ह' चूक, 'आय रिक्वेस्टेड लीव्ह'. 'एम्फसिस ऑन ग्रामर' बरोबर, 'ही एम्फसाइझ्ड ऑन' चूक, आणि स्ट्रेसचंही तेच, 'स्ट्रेस्ड द पॉइंट', ऑन नाही. 'लॅक ऑफ टाइम' पण 'वी लॅक टाइम'. 'अ व्हिजिट टू द म्युझियम' पण 'वी व्हिजिटेड द म्युझियम'. 'ॲन ॲटॅक ऑन द सिटी' पण 'दे ॲटॅक्ड द सिटी'. 'अ डिमांड फॉर मोर पे' पण 'दे डिमांडेड मोर पे'. 'रिझेम्ब्लन्स टू हिज फादर' पण 'ही रिझेम्बल्स हिज फादर', इथे तर लोक विथ पण लावतात. 'इफेक्ट ऑन हेल्थ' पण 'अफेक्ट्स हेल्थ'. हॉटेलात 'आय ऑर्डर्ड फॉर अ कॉफी' हे सुद्धा याच खानदानातलं.

म्हणजे प्रिपोझिशन लावायच्या आधी एक सेकंद थांबून विचारायचं की माझ्या हातात नाम आहे की क्रियापद. नामाला शेपटी असते, क्रियापदाला असेलच असं नाही. हा उपाय शंभर टक्के चालत नाही, 'डिपेंड ऑन' आणि 'डिपेंडन्स ऑन' दोघांनाही ऑन आहेच, पण जिथे चालतो तिथे फार भारी चालतो.

मॅरी विथ की मॅरी टू?

क्रियापदाला काहीच नाही, 'शी मॅरीड हिम'. विशेषणासारखं वापरलं तर टू, 'शी इज मॅरीड टू हिम', 'गॉट मॅरीड टू'. विथ आपल्या 'च्याशी लग्न' मधून येतो. 'मॅरीड विथ टू चिल्ड्रन' असं मात्र प्रोफाइलमध्ये दिसेल, त्याचा अर्थ लग्न झालंय आणि दोन मुलं आहेत, दोन मुलांशी लग्न झालंय असा नाही.

रीच, अराइव्ह, गेट. पोहोचणे म्हणायला नक्की कुठलं?

तिन्ही. फक्त मागचं सामान वेगळं. रीच काही घेत नाही, 'वी रीच्ड द स्टेशन'. गेट टू घेतो, 'वी गॉट टू द स्टेशन'. अराइव्हला ॲट किंवा इन लागतो, छोटी नेमकी जागा असेल तर ॲट, शहर देश असं मोठं काही असेल तर इन. 'अराइव्ह टू' कधीच नाही. आणि होमच्या आधी यातलं कुठलंच काही लागत नाही, रीच होम, गेट होम, अराइव्ह होम, गो होम पण. जसं आपण 'घरी' म्हणतो, 'घराला' म्हणत नाही.

कुठे पोहोचलो हे सांगायचंच नसेल तर अराइव्ह वापरा कारण त्याला एकट्याने उभं राहता येतं, 'द ट्रेन हॅज अराइव्ह्ड'. रीचला कर्म हवंच. आपल्याकडे सर्रास 'आय हॅव रीच्ड' असा मेसेज टाकतात, कळतं सगळ्यांना, पण बाहेरच्या माणसाला वाटतं वाक्य अर्धं राहिलं.

एंटर पण रीचसारखंच, 'एंटर्ड द रूम'. एंटर इन्टू फक्त करार, वाटाघाटी, वाद असल्या गोष्टींसाठी. खोलीत इन्टू घेऊन शिरलात तर खोलीशी ॲग्रीमेंट केल्यासारखं होतं.

सी, लुक, वॉच मधला फरक? आणि हिअर, लिसन?

इथे मराठी आपल्या बाजूने आहे, वापरून घ्या. सी म्हणजे दिसणे, लुक ॲट म्हणजे मुद्दाम बघणे, वॉच म्हणजे बघत राहणे, काहीतरी हलतंय घडतंय आणि तुम्ही त्याच्यावर नजर ठेवून आहात. तसंच हिअर म्हणजे ऐकू येणे आणि लिसन टू म्हणजे कान देऊन ऐकणे. 'आय कॅन हिअर यू बट आय ॲम नॉट लिसनिंग टू यू' हे वाक्य नवराबायकोच्या भांडणात फार उपयोगी आहे.

आपसूक होतं त्याला प्रिपोझिशन नाही, मुद्दाम करावं लागतं त्याला आहे, लुकला ॲट आणि लिसनला टू. 'लिसन मी' चूक. पण नुसतं लक्ष वेधायचं असेल, पुढे कर्मच नसेल, तर 'लिसन!' एवढंच, टू कशाला अधांतरी सोडायचा. वॉच मात्र मुद्दाम असूनही काही घेत नाही, तेवढा अपवाद सहन करा. सिनेमाला सी आणि वॉच दोन्ही चालतं, थिएटरला जाऊन आलात तर सी जास्त ऐकू येतं, टीव्हीला वॉच.

लुकच्या शेपट्या मात्र सांभाळा कारण तिथे अर्थच उलटतो. लुक फॉर म्हणजे शोधणे, लुक आफ्टर म्हणजे सांभाळणे, लुक इन्टू म्हणजे तपास करणे. 'आय ॲम लुकिंग आफ्टर माय डॉग' म्हटलं तर कुत्रा घरी आहे, 'लुकिंग फॉर माय डॉग' म्हटलं तर हरवलाय. हिअरचं पण तसंच, हिअर फ्रॉम म्हणजे त्याच्याकडून पत्र, फोन, मेल काहीतरी आलं, हिअर अबाउट म्हणजे त्याच्याबद्दल बातमी कळली, हिअर ऑफ म्हणजे असं काही असतं हे माहीत असणे.

बॉरो आणि लेंड कायम उलटं होतं माझं.

उसनं घेणे आणि उसनं देणे. मराठीत 'उसनं' हा शब्द दोन्हीकडे तोच म्हणून गोंधळ होतो. बॉरो फ्रॉम, लेंड टू. वस्तू माझ्याकडे येतेय तर बॉरो, माझ्याकडून जातेय तर लेंड. 'कॅन यू बॉरो मी युवर पेन' नाही, 'कॅन यू लेंड मी' किंवा 'कॅन आय बॉरो'.

अशाच आणखी जोड्या आहेत. लर्न म्हणजे शिकणे आणि टीच म्हणजे शिकवणे, रिमेंबर म्हणजे आठवणे आणि रिमाइंड म्हणजे आठवण करून देणे. आपल्याकडे 'शिकणे'त एक 'व' घातला की काम होतं, इंग्रजी त्यासाठी वेगळा शब्दच काढून बसलीय. रिमाइंडला दोन रस्ते आहेत आणि तिथे घसरायला होतं, 'रिमाइंड मी टू कॉल हर' म्हणजे फोन करायची आठवण कर, आणि 'शी रिमाइंड्स मी ऑफ माय टीचर' म्हणजे तिला बघून मला बाई आठवतात. आणि ब्रिंग इकडे, टेक तिकडे, म्हणजे आणणे आणि नेणे, तिथे आपलं फार चुकत नाही.

रॉब आणि स्टील राहिले. रॉबचं कर्म लुटला गेलेला माणूस किंवा बँक, स्टीलचं कर्म चोरलेली वस्तू. 'दे रॉब्ड हिम ऑफ हिज मनी', 'दे स्टोल मनी फ्रॉम हिम'. फोन स्टोलन होतो, रॉब्ड होत नाही, फोनच्या खिशात काही नसतं.

लाय आणि ले?

हे इंग्रजांचं पण चुकतं, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका. लाय म्हणजे स्वतः आडवं होणे, पडून असणे. ले म्हणजे दुसरं काहीतरी ठेवणे, त्याला कर्म लागतंच. दुखणं हे की लायचा भूतकाळ पण ले आहे. लाय, ले, लेन. आणि ले, लेड, लेड. खोटं बोलणारा लाय वेगळा, तो लाय, लाइड, लाइड. म्हणजे 'काल मी दिवसभर पडून होते' याचं 'आय ले इन बेड ऑल डे', लेड नाही.

राइझ आणि रेझ सोपे आहेत त्यापेक्षा. सूर्य राइझ होतो, हात तुम्ही रेझ करता.

मराठीत 'वर' आहे म्हणजे इंग्रजीत ऑन, असं धरलं तर चालेल?

अजिबात नाही, 'वर' हा सगळ्यात जास्त फसवणारा प्रत्यय आहे. त्याच्या'वर' प्रेम करते, 'शी लव्ह्ज हिम', काहीच नाही. त्याच्या'वर' विश्वास ठेवते, 'शी ट्रस्ट्स हिम', परत काहीच नाही. त्याच्या'वर' हसली, 'शी लाफ्ड ॲट हिम'. त्याच्या'वर' चिडली, 'शी गॉट अँग्री विथ हिम'. त्याच्या'वर' आरोप केला, 'शी अक्यूज्ड हिम ऑफ इट'. फक्त अवलंबून राहिली तेव्हा ऑन मिळाला, 'शी डिपेंड्स ऑन हिम'. बघा, सगळं प्रकरण झालं आणि ऑन एकदाच आला.

आरोपावरून आठवलं, ब्लेमला दोन रस्ते आहेत, माणूस आधी आला तर फॉर, चूक आधी आली तर ऑन. 'दे ब्लेम्ड मी फॉर द डिले', 'दे ब्लेम्ड द डिले ऑन मी'. अक्यूजला ऑफ आणि पोलीस चार्ज करतात तेव्हा विथ, 'चार्ज्ड विथ थेफ्ट'.

थ्रो टू आणि थ्रो ॲट मध्ये खरंच फरक आहे का?

आहे आणि लागतो सुद्धा. 'शी थ्रू द बॉल टू मी' म्हणजे मी झेलावा म्हणून टाकला, 'ॲट मी' म्हणजे मला लागावा म्हणून मारला. शाउटचं तसंच, लांबच्या माणसाला ऐकू जावं म्हणून शाउट टू, रागाने ओरडलात तर शाउट ॲट. ॲट म्हणजे नेम धरणे असं समजा, मग लुक ॲट, लाफ ॲट, पॉइंट ॲट, एम ॲट, सगळे आपोआप एका रांगेत बसतात. स्माइल ॲट पण, तिथे नेम गोड असतो एवढंच.

ॲग्री विथ, टू की ऑन?

माणसाशी किंवा मताशी विथ, प्रस्तावाला होकार द्यायचा तर टू, आणि दोघांनी मिळून एखादी तारीख किंवा किंमत ठरवली तर ऑन. 'आय ॲम ॲग्री' मात्र म्हणू नका, ॲग्री स्वतःच क्रियापद आहे, 'मी सहमत आहे' मधला 'आहे' तिथे घुसतो.

'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' की 'मीटिंग यू'?

मीटिंग. इथला टू हा क्रियापदाचा टू नसून प्रिपोझिशन आहे आणि प्रिपोझिशनच्या मागे क्रियापद आलं की त्याला आयएनजी लागतो. ओळखायचं कसं, तर टूच्या मागे 'इट' ठेवून बघा. 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू इट' छान बसतं, म्हणजे प्रिपोझिशन. 'आय वॉन्ट टू इट' बसत नाही, म्हणजे क्रियापदाचा टू. ऑब्जेक्ट टू, यूज्ड टू, सगळ्याला ही टेस्ट लावता येते. 'आय ॲम यूज्ड टू वेकिंग अर्ली' म्हणजे लवकर उठायची सवय आहे, आणि 'आय यूज्ड टू वेक अर्ली' म्हणजे एकेकाळी उठायचे, आता विचारू नका.

'प्रिफर टी दॅन कॉफी' का नाही?

'पेक्षा'मुळे दॅन सुचतं. पण प्रिफर टू घेतो, 'प्रिफर टी टू कॉफी'. सिनियर, ज्युनियर, सुपिरियर, इन्फिरियर हे सुद्धा टूवालेच. हे चारही लॅटिनमधून तुलना पोटात घेऊनच आलेत, सिनियरचा मूळ अर्थच 'जास्त वयाचा' असा आहे, म्हणून मोअर पण नको आणि दॅन पण नको.

आपल्या ऑफिसच्या इंग्रजीतलं नक्की काय काय काढून टाकू?

कोप अप विथ मधला अप काढा, 'कोप विथ'. रिटर्न बॅक मधला बॅक काढा, परत परत येताय ते. 'कम्प्राइझेस ऑफ' मधला ऑफ काढा, ऑफ हवाच असेल तर कन्सिस्ट्स ऑफ आहे की. रिव्हर्ट हा शब्द आपण उत्तर देणे या अर्थाने वापरतो, बाहेर त्याचा अर्थ पूर्वीच्या अवस्थेला परत जाणे, त्यामुळे 'प्लीज रिव्हर्ट' वाचून परदेशातला माणूस थोडा गडबडतो. आपापसात चालू दे, माझी काही तक्रार नाही, मी स्वतः 'डू द नीडफुल' वाचून आता चिडत नाही.

अमेरिकन आणि ब्रिटिश वेगळं बोलतात, मग बरोबर कुणाचं?

दोघांचं, आपापल्या घरी. ब्रिटिश माणूस 'राइट टू मी' म्हणेल, अमेरिकन 'राइट मी'. निर्णयाविरुद्ध अपील करताना ब्रिटिश 'अपील अगेन्स्ट द डिसिजन', अमेरिकन 'अपील द डिसिजन'. ब्रिटिश 'ॲट द वीकेंड', अमेरिकन 'ऑन द वीकेंड'. फॉर्म ब्रिटिश फिल इन करतात, अमेरिकन फिल आउट, भरतो तोच फॉर्म. एकाच लेखात दोन्ही मिसळू नका एवढंच. आणि 'डिस्कस अबाउट' चुकलं की ते अमेरिकन आहे असं सांगून वेळ मारून नेता येत नाही, ते दोघांकडेही चूकच आहे.

वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन आलं तर चूक असतं ना? सर तर मार्क कापायचे.

नाही हो. 1672 मध्ये ड्रायडन या कवीने बेन जॉन्सनच्या नाटकातल्या ओळीत शेवटी प्रिपोझिशन आलं म्हणून नाक मुरडलं, आणि पुढे व्याकरणवाल्यांनी ते धरूनच ठेवलं. बोलताना लिहिताना सगळे शेवटी टाकतात, 'हू आर यू वेटिंग फॉर'.

आपली खरी अडचण उलटी आहे, आपण ते शेवटी टाकत नाही, विसरूनच जातो. मराठीत 'बसायला खुर्ची' म्हणतो, 'खुर्चीवर'मधला वर तिथे गळून जातो. म्हणून आपण 'अ चेअर टू सिट' म्हणतो. इंग्रजीत तो वर गळत नाही, 'अ चेअर टू सिट ऑन'. राहायला घर म्हणजे 'अ हाउस टू लिव्ह इन', लिहायला पेन म्हणजे 'अ पेन टू राइट विथ', बोलायला माणूस म्हणजे 'समवन टू टॉक टू'. हे दोन टू बघून लोकांना टायपिंग मिस्टेक वाटते आणि शेवटचा खोडतात. खोडू नका. कुठलं ठेवायचं हे कळत नसेल तर वाक्य सरळ करून बघा, वी सिट ऑन अ चेअर, म्हणजे ऑन राहिला पाहिजे.

हे सगळं लक्षात ठेवायचं कसं?

याद्या पाठ करून नाही, हे मी मनापासून सांगते, मी केल्या होत्या आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या गेल्या. क्रियापद एकटं लिहूच नका. वहीत 'एक्सप्लेन' असं लिहायचं नाही, 'एक्सप्लेन समथिंग टू समवन' असं लिहायचं, आणि खाली स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य, खरं घडलेलं, थोडं लाजिरवाणं असेल तर जास्त लक्षात राहतं. डिक्शनरी बघायची तर शिकणाऱ्यांसाठी बनवलेली इंग्रजी-इंग्रजी घ्या. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे, त्यांच्या लक्षात आलं की परक्या माणसाला नुसता अर्थ देऊन भागत नाही, क्रियापदाच्या मागे काय येतं तो साचा द्यावा लागतो, आणि त्यांनी साथीदारांबरोबर तशी डिक्शनरी बनवली ती 1942 मध्ये टोकियोत छापली गेली. आजची ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी तिच्यातूनच आली. त्यात प्रत्येक क्रियापदाच्या अर्थाशेजारी तो साचा असतो, आपण तो सोडून फक्त अर्थ वाचतो.

'आन्सर टू' कधीच बरोबर नसतं का?

नामाला असतं, 'द आन्सर टू माय क्वेश्चन'. क्रियापदाला नाही, 'आन्सर माय क्वेश्चन', 'आन्सर द फोन'. पण क्रियापद असून टू आलंच तर अर्थ बदलतो, जाब देणे. 'आय आन्सर टू माय बॉस' म्हणजे मी बॉसना उत्तर देते असं नाही, मला त्यांना जाब द्यावा लागतो असं. आणि कुत्रा नावाने हाक मारल्यावर येतो, ते पण आन्सर टूच, 'ही आन्सर्स टू द नेम टायगर'.